पूजेला ठेवलेली किल्ली

हौसाबाई आल्या तेव्हा मी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालत होते.

"आज गुरुवार न्हाय, तरी आले बगा," दारात चपला काढत त्या म्हणाल्या. "म्हटलं, सणाचं येऊन जावं."

"या की मावशी, बसा. आता प्रसाद घेऊनच जायचं."

खंडेनवमी होती. त्या दिवशी इचलकरंजीतले माग बंद असतात. एरवी ज्या खडखडाटात आम्ही जेवतो, बोलतो, झोपतो, तो थांबला की आपण भलत्याच गावात आलोय असं वाटतं. ज्याचं पोट ज्या हत्यारावर त्यानं ते धुऊनपुसून पूजेला मांडायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मागवाला माग पूजतो, शिंपी कात्री पूजतो. आमच्या ओसरी महिला सल्ला केंद्राची हत्यारं म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, स्टेपलर, नोंदवही, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच माझी किल्ली. तिला मी तबकात तांदळावर ठेवलं होतं आणि हळदकुंकू वाहिलं होतं.

केंद्र मगदूमबाईंचं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि नवऱ्याच्या त्रासातून सुटून आलेल्या बायकांसाठी दोन खोल्यांत त्यांनी हे सुरू केलं. मी तिथली कॉम्प्युटरवाली. वय सव्वीस, पगार बेताचा आणि अक्कल जरा जास्तच आहे अशी स्वतःबद्दल खात्री. बायकांच्या फाईली, डॉक्टरांचे कागद, कोणाला कुठं ठेवलंय ते पत्ते, सगळं केंद्राच्या एका ईमेल खात्यात असायचं आणि त्यावर माझी देखरेख.

हौसाबाईंची मुलगी वैजयंता आमच्याकडं येऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्या नवऱ्याचं नाव उत्तम. गोड बोलणारा, इस्त्रीचे कपडे घालणारा, एका शिक्षणसंस्थेत कारकून. तिला आम्ही लांबच्या गावी एका वसतिगृहात ठेवलं होतं. चैत्रात एक दिवस उत्तम चार माणसं आणि जीप घेऊन त्या वसतिगृहाच्या फाटकात उभा राहिला. मागच्या दारानं वैजूला काढलं म्हणून निभावलं. पत्ता त्याला आमच्याच ईमेलमधून मिळाला होता. पासवर्ड काय, तर बाईंच्या शाळेचं नाव आणि त्यांच्या निवृत्तीचं साल. गावातली निम्मी माणसं बाईंच्या हाताखालून गेलेली, उत्तमसुद्धा. त्याला डोकं फार चालवावं लागलं नसणार.

मग पुण्याच्या एका कार्यकर्तीनं आम्हाला दोन किल्ल्या आणून दिल्या. सिक्युरिटी की म्हणतात तिला. नखाएवढा काळा तुकडा, पेनड्राइव्हसारखा. पासवर्ड टाकला की कॉम्प्युटर ती किल्ली मागतो, ती खोचून तिच्यावरच्या सोनेरी ठिपक्याला बोट लावलं की मगच खातं उघडतं. एक बाईंकडं, एक माझ्याकडं. ती कार्यकर्ती जाताना म्हणाली होती, जुना पासवर्डही बदला. बाईंना नवा लक्षात राहीना. तीनदा बदलला, तीनदा विसरल्या. शेवटी मीच म्हटलं, "राहू दे बाई जुनाच. किल्ली आपल्याकडं आहे म्हटल्यावर पासवर्ड कुणाला कळला तरी काय होतंय?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

हौसाबाई दर गुरुवारी रेंदाळहून एसटीनं यायच्या. बाकावर बसून एकच प्रश्न विचारायच्या. कुठं हाय माझी पोर? आणि आम्ही एकच उत्तर द्यायचो. सुखरूप आहे. पत्ता कुणालाच सांगायचा नाही, आईबापालासुद्धा नाही, असा बाईंचा नियम होता. नियम बरोबरच होता. आईच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि उत्तम सासूकडं येऊनजाऊन असायचा.

वैजूच्या फाईलीत पत्त्याशिवाय आणखी एक कागद होता, सरकारी दवाखान्यातला. तो आमच्या हवाली करताना तिनं आम्हा दोघींकडून वचन घेतलं होतं. "यातलं आईला कधी कळू द्यायचं न्हाय, ताई. कोर्टात दाखवा, पोलिसांना दाखवा. आईला न्हाय." आम्ही हो म्हटलं होतं.

"हीच न्हवं ती किल्ली?" हौसाबाई तबकाकडं बघत म्हणाल्या.

"हीच. परवा सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"एवढीशी वस्तू."

"एवढीशी आहे, पण हिच्याशिवाय कुणाचं काही चालत नाही मावशी. पासवर्ड माहीत असला तरी दारातच अडकला." मला ती किल्ली दाखवायला आवडायचं. आल्यागेल्याला मी दाखवायची. पुण्याहून आलेली वस्तू आमच्या गावात आणखी कुणाकडं नव्हती.

मी आत चहा टाकायला आणि खोबरं कापायला गेले. पाचेक मिनिटं लागली असतील. बाहेर आले तर हौसाबाई पदर मुठीत धरून दारात उभ्या.

"चहा नको, ताई. यष्टी चुकंल."

"अहो, घोटभर तरी घ्या."

"पुन्यांदा कवातरी." आणि त्या गेल्या.

त्यानंतर दोन कार्यकर्त्या प्रसाद घेऊन गेल्या. जेवायची वेळ झाली. निरांजन विझलं होतं म्हणून मी तेल घालायला वाकले आणि तबकात बघितलं. तांदळावर कुंकू सगळीकडं पसरलेलं होतं, मधली बोटभर जागा तेवढी कोरी. किल्ली नव्हती.

आधी मी फुलं उचलून बघितली, मग माळ, मग टेबलाखाली वाकले. आणि वाकलेली असतानाच मला आठवलं की आज हौसाबाईंनी वैजूबद्दल विचारलंच नाही. दीड वर्षात असं कधी झालं नव्हतं.

मी बाईंना फोन लावला. त्या निपाणीला बहिणीकडं गेल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी किल्ली पर्समध्ये आहे. एखादा कॉम्प्युटर मिळाला की तुझी किल्ली आपल्या खात्यातून काढून टाकते. मग ती कुणाच्या हातात असली तरी चालणार नाही. बरोबर ना?"

"बरोबर बाई. दोन मिनिटांचं काम आहे."

"धर जरा, चौकात नेट कॅफे आहे." चालल्याचा आवाज, कुणाशी तरी बोलल्याचा आवाज. मग पुन्हा त्या. "अगं, त्यानं सगळी यंत्रं पूजेला बसवलीत. उचलत नाही म्हणतो. ही शेजारची झेरॉक्सवाली पण तेच म्हणते. बघते मी. न जमलं तर एसटीनं येते."

"दोन तास जातील बाई. पासवर्ड त्याला माहीतच आहे."

"माहीत आहे मला." पासवर्ड राहू दे कोण म्हणालं होतं, हे त्यांनी काढलं नाही. "तू रेंदाळला जा. हौसाबाईंना ओरडू नकोस. त्या चोर नाहीत. आणि सुवर्णा, फोन हाताशी ठेव."

चैत्रानंतर वैजूला ज्या दुसऱ्या वसतिगृहात हलवलं होतं, तिथल्या बाईंनाही मी फोन केला. त्या म्हणाल्या, फाटक लावून घेते, पण वैजूची आज नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, दवाखान्यात आहे ती, सहापर्यंत. हललं तर वर्ष वाया जाणार. मला त्यापेक्षा दुसरीच भीती वाटत होती. पहिल्या वसतिगृहातून पळाल्यावर वैजू मला म्हणाली होती, "आता पुन्हा हलवलंत ना ताई, तर मी सरळ त्याच्याकडंच जाईन. मारू दे. पळून पळून दमले मी." ती चेष्टेत बोलणारी बाई नव्हती.

मी स्कूटी काढली. बंद मागांच्या गल्ल्या, दारोदार तोरणं, रस्त्यावर धुतलेल्या, हार घातलेल्या गाड्या. सगळं गाव सुट्टीवर आणि मी एकटी कामावर. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होते. आधी समजावून सांगायचं. मग विनवायचं. भांडायचं नाही.

हौसाबाईंचं घर रेंदाळच्या कडेला, दोन खणांचं. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा नाही. त्या सोप्यात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"या. मी वाटच बगत हुते," त्या म्हणाल्या. "तुमची वस्तू मी न्हेली. खोटं न्हाय बोलत."

"मग द्या मावशी."

"पत्ता द्या."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या पदराच्या टोकाला गाठ मारलेली होती आणि ती गाठ त्यांनी डाव्या मुठीत धरली होती.

"उत्तमरावांनी सांगितलं ना आणायला?"

"कुणी का सांगंना. पाच वाजता यायचं हाईत ते. म्हणाले, मी नुसतं बगतो कुठं हाय ती, आन् तुमालाच घिऊन जातो गाडीत घालून. दिवाळीला पोर घरात यील."

"चैत्रात चार माणसं घेऊन गेले होते ते. घरी न्यायला चार माणसं लागतात?"

"बायकू पळाल्यावर नवरा हुडकणारच की."

"मावशी, त्या किल्लीनं एकट्या वैजूची फाईल उघडत नाही. तिच्यासारख्या चाळीस जणींचे पत्ते आहेत आत. तुमच्यासारख्याच चाळीस आया."

"त्या चाळीस जणींस्नी मी वळखत न्हाय." शेंग सोलायची थांबली. "दीड वरीस झालं, ताई. दर गुरुवारी येतो. तुमी म्हंता, सुखरूप हाय. काय करू मी तुमच्या सुखरूपचं? ती जेवती काय, निजती कुठं, थंडीत पांघरूण हाय का न्हाय, मला काय म्हाईत? तुमी पंख्याखाली बसून सुखरूप म्हंता आन् मी यष्टी धरून घरला येतो. जावई निदान माझ्यासंगट बसून रडतो तरी."

त्या खरं बोलत होत्या आणि मला ते कळत होतं. मी पुन्हा विनवलं. परीक्षेचं सांगितलं, ती नर्स होणार हेही सांगितलं. एवढंही सांगायची मुभा नव्हती मला, पण सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं.

"नर्स? सुया टोचती माझी वैजू?"

"हो. आणि आज तिची परीक्षा आहे. आता तिला पुन्हा पळायला लागलं तर ती मोडेल मावशी."

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला.

"घ्या की फोन," हौसाबाई म्हणाल्या.

"राहू दे." त्या विरघळतायत असं मला वाटत होतं. मधेच उठून फोन घेतला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.

पण त्या विरघळल्या नव्हत्या. त्यांनी मान हलवली आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं. "न्हाय ताई. पोरीचा धांदरटपणा मला म्हाईत हाय. सातव्या म्हैन्यात मोरीत पाय घसरून पडली आन् बाळ गेलं. दुसरा नवरा असता तर जन्मभर बोल लावला असता. ह्यानं अवाक्षर काढलं न्हाय. माझ्या दारात येऊन मलाच म्हणाला, आई, तुमी रडू नका. असल्या माणसाला सोडून ती पळाली. चूक माझ्याच पोरीची हाय. आन् तुमी तिला फूस लावताय."

मी आजही स्वतःला विचारते की मी ते का बोलले. वैजूला वाचवायला बोलले, हे उत्तर मी पुष्कळ वर्षं वापरलं. त्यात खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे मला राग आला होता. मला फसवून माझी किल्ली नेली होती, मी तासभर विनवण्या करत होते, आणि ही बाई त्या माणसाचे गोडवे गात होती.

"मोरीत नाही पडली ती," मी म्हटलं.

"मग?"

"लाथ मारली त्यांनी. पोटात. एक नाही, तीन. दवाखान्यातला कागद आहे, डॉक्टरची सही आहे. बाळ आतच गेलं होतं. मोरीचं सांग, नाहीतर आईलाही तुझ्यासारखंच करीन, असं त्यांनी तिला दवाखान्याच्या दारात सांगितलं."

हौसाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, त्या खोटं म्हणतील, ओरडतील, उठून मला बाहेर काढतील. त्यांनी फक्त विचारलं, "कवा?"

इथं मी थांबू शकले असते. माहीत नाही म्हणू शकले असते.

"तुम्ही ओटी भरून परत पाठवलंत, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरची पूजा चालली होती, तिथली घंटा ऐकू येत होती.

"हिरवा खण हुता," मग त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या असं नाही. "पाच फळं हुती. नारळ. आली तवाच म्हणाली हुती, आई, मी जात न्हाय तिकडं. मी म्हटलं, असं म्हणू ने बाई, सातव्या म्हैन्यात. लोकं काय म्हणतील. जीप दारात हुबी. ही दाराची कडी धरून बसली. सोडंनाच." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. "एकेक बोट सोडवलं मी तिचं."

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं."

"तिला म्हाईत हुतं न्हवं?"

मी खाली पडलेली एक शेंग उचलून सुपात टाकली.

"आन् तिनंच सांगितलं आसंल तुमास्नी, आईला सांगू नका म्हणून."

मी मान डोलावली.

हौसाबाईंनी पदर पुढं ओढला आणि गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती. नखानं सुटेना म्हणून त्यांनी दातानं सोडवली. किल्लीला अजून माझं हळदकुंकू लागलेलं होतं. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली, पुन्हा सूप ओढून घेतलं आणि शेंगा सोलायला लागल्या. "जावा तुमी," म्हणाल्या. "पाच वाजता तो यील. त्याला काय सांगायचं ते मी बगतो."

त्याला त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर शेजारणीकडून कळलं. अंगणातच उभं करून, माझ्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही, एवढंच म्हणाल्या. तो हसला आणि काहीतरी बोलायला लागला, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. तो परत आला नाही.

मी गावाबाहेर येऊन स्कूटी थांबवली आणि फोन काढला. बाईंचे दोन कॉल येऊन गेले होते, साडेतीनच्या सुमाराचे. त्यांच्याखाली मेसेज होता. बाईंना टाइप करायला वेळ लागायचा, पण शब्द पूर्ण लिहायच्या. "कॅफेवाल्याने नारळ फोडून, देवाची माफी मागून एक यंत्र उचलले. तुझी किल्ली खात्यातून काढली. पासवर्डही बदलला व वहीत लिहिला. आता ती वस्तू निरुपयोगी आहे. हौसाबाईंना बोलू नकोस. चहा घेऊन ये."

मी पुन्हा पुन्हा वेळ बघत होते. पावणेचारला मी हौसाबाईंच्या समोर होते आणि लाथांचं सांगत होते. बाईंचा फोन मी घेतला असता, तर तो काळा तुकडा त्यांच्या पदरात राहिला तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. संध्याकाळी उत्तमनं तो कॉम्प्युटरला लावला असता, बोट दाबत बसला असता आणि कंटाळून फेकून दिला असता. हौसाबाई पुढच्या गुरुवारी येऊन मला शिव्या देऊन गेल्या असत्या. मला त्या शिव्या चालल्या असत्या.

बाई संध्याकाळी आल्या. "दिली का गं त्यांनी?"

"दिली."

"बघ, म्हटलं होतं ना. समजावून सांगितलं की माणूस ऐकतो."

मी हो म्हटलं. बाई वारेपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही. वैजू त्या परीक्षेत पास झाली आणि तिला कुठं हलवावं लागलं नाही.

हौसाबाई त्यानंतर एकाही गुरुवारी आल्या नाहीत. पहिल्या दोनतीन गुरुवारी मी बाराच्या एसटीची वेळ झाली की दाराकडं बघायची. बाई म्हणाल्या, चोरीची लाज वाटत असेल, जाऊ दे. मी जाऊ दिलं. रेंदाळ दहा किलोमीटरवर, पण माझी स्कूटी त्या रस्त्याला पुन्हा वळली नाही.

दोन वर्षांनी वैजूला घटस्फोट मिळाला. उत्तमनं दुसरं लग्न केलं आणि तो कर्नाटकात निघून गेला. वैजू एका आरोग्य केंद्रात नोकरीला लागली होती, तिथंच खोली घेतली होती. त्या गावाचं नाव मी अजूनही कुणाला सांगत नाही, सवयच लागली आहे. कागद हातात पडल्यावर ती केंद्रात आली. अंगानं भरली होती. पर्समधून पेढे काढले, मला दिले.

"आता आईला माझा पत्ता द्या, ताई," ती म्हणाली. "तुम्हीच आधी बोला तिच्याशी. साडेतीन वर्षं न सांगता राहिले मी. रागावली असंल ती. तुम्ही सांगितलंत तर ऐकंल."

मी शेजारणीच्या नंबरवर फोन लावला. हौसाबाईंना बोलावून आणेपर्यंत वैजू माझ्या टेबलाच्या कडेवर बोटानं रेघा ओढत होती.

"मावशी, मी सुवर्णा. वैजूचा निकाल लागला. सुटली ती. आता तुम्हाला पत्ता सांगायला हरकत नाही. लिहून घ्यायला कुणी आहे का तिथं?"

पलीकडं शेजारीण कागद शोधत असल्याचा आवाज आला.

"बरी हाय न्हवं?" त्या म्हणाल्या.

"छान आहे. नोकरी आहे. इथंच बसलीय, बोलता का?"

"नगं. आन् पत्ता बी सांगू नगा, ताई. कळला तर मी जाईन. माझ्यानं ऱ्हावणार न्हाय. आन् मी गेले की तिला म्हणावं लागंल, आई, तुझी काय चूक. तेवढं तरी तिला म्हणाय लागू ने." आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" वैजूनं विचारलं.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तब्येत बरी नाही, नंतर बोलते म्हणाल्या. ते वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं.

"त्यांना माहीत आहे, वैजू," मी म्हटलं. "दवाखान्यातल्या कागदात काय आहे ते. ओटी भरल्यानंतर तिसऱ्या दिवशी, तेही. मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, खंडेनवमीला." आणि मग मी किल्लीपासून सगळं सांगितलं. न घेतलेला फोनही सांगितला. राग आला होता, तेही सांगितलं.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "रडली का?"

"नाही. शेंगा सोलत बसल्या."

"म्हणजे दोन वर्षं हे घेऊन एकटीच बसलीय ती त्या घरात."

क्षमा माग, असं स्वतःला सांगत मी टेबलावरचे पेढे नुसते सरकवत होते. वैजूनं पर्स उचलली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तशा आवाजात ती बोलली.

"तुम्ही मला जागा दिलीत, शिकवलंत, दोनदा जीव वाचवलात. त्यातलं काही मी मागितलं नव्हतं, ताई. मागितलं ते एकच होतं."

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली, समोरून येणाऱ्या रिक्षाला तिनं हात केला आणि रेंदाळला येणार का म्हणून विचारलं.